चोर्ला घाटात गिअरबॉक्स तापतो तेव्हा

प्रश्न: दिवाळीत घरची सात माणसे आणि सामान घेऊन डिचोलीहून बेळगावला निघालो. गाडी डिझेल, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. चोर्ला घाटात ट्रकमागे रखडत चढताना गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. इंजिनाचा काटा मात्र मधोमध होता. मीटर बिघडलाय का? हे तापमान बघायला वेगळे काही लावावे का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर: भाऊ, मीटर ठीक आहे. तो काटा इंजिनाच्या कूलंटचा, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा, गिअरबॉक्सच्या ऑइलचा नव्हे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग. ट्रकमागे रखडताना तो लॉक होत नाही, म्हणजे त्याच्या दोन बाजू घट्ट जोडल्या जात नाहीत. आत ऑइल नुसते घुसळले जाते आणि इंजिनाची बरीच ताकद त्यातच उष्णता होऊन जाते.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या सॉकेटला) लावायचा छोटा ब्लूटूथ स्कॅनर जरूर घ्या. पण आधी खात्री करा, त्याचे ॲप तुमच्या मॉडेलच्या गिअरबॉक्सचे तापमान दाखवते का? कूलंटचा आकडा बहुतेक सगळे दाखवतात. गिअरबॉक्सचा आकडा प्रत्येक कंपनी आपल्याच कोडमध्ये ठेवते, म्हणून स्वस्त ॲपवर ती जागा कोरी राहते.

सपाटीवर साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस दिसेल. घाटात १०५ झाले तर घाबरू नका. १२० च्या वर जाऊ लागले की मात्र सुरक्षित जागा बघून थांबा. गाडी पार्कमध्ये टाका, पण इंजिन चालूच ठेवा! आपली माणसे आधी किल्ली फिरवतात, तिथेच चुकते. ऑइल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद, तर कूलरकडे (ऑइल गार करणाऱ्या जाळीकडे) जाणारे ऑइलही बंद. गेल्या चवथीत साखळी गावातल्या माझ्या गॅरेजात अशीच एक गाडी टो होऊन आली. ऑइल काळे पडलेले, जळका वास. मला फार वाईट वाटले, कारण ते गिऱ्हाईक गाडी जपणारे होते.

पुढच्या वेळी ट्रकपासून अंतर सोडा, मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर धरा. चढावर थांबलात तर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबा. आमच्या भागातली खाणीची लाल धूळ रेडिएटर आणि कूलरच्या जाळीत बसते, तीही साफ करून घ्या.

इशारा एकदा येऊन गेलाय, तेव्हा थोडे ऑइल काढून बघायला सांगा. काळपट किंवा जळक्या वासाचे असेल तर बदलाच. नवे भरताना पातळी कंपनीने दिलेल्या तापमानालाच तपासायची, कारण हे ऑइल तापले की फुगते. गार गाडीत अंदाजाने भरू देऊ नका.