आरोग्य-संवाद : वास परतला, पण ओळखीचा राहिला नाही

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी यावल तालुक्यातील एका गावात राहते. 2021च्या एप्रिल महिन्यात आमच्या घरात सर्वांनाच करोना झाला. सासूबाई त्यातच गेल्या. मी घरच्या घरी बरी झाले, पण वास आणि चव पार गेली होती. श्रावणाच्या सुमारास वास परत येऊ लागला, तो मात्र भलताच. लसणाची फोडणी पडली की मला जळक्या रबराचा वास येतो. कानबाईच्या रोटांच्या दिवशी तर स्वयंपाकघरात उभे राहवले नाही. आमच्याकडे चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य असतो आणि सासूबाईंच्या हातचे भरीत साऱ्या भावकीत नावाजलेले होते. ते त्यांनी मलाच शिकवले. यंदा मी वांगी भाजायला बसले आणि मळमळून उठले. नणंदबाई म्हणाल्या, "आई गेली, आणि तिची चवही तू घरातून घालवलीस." ते शब्द मनातून जात नाहीत. हा खरोखरीचा आजार आहे की माझ्या मनाचा खेळ? आणि भरीत कायमचे नकोसे झाले, तर त्यांची आठवणही पुसट होईल का?
– एक वाचक, यावल तालुका

उत्तर : ताई, हा मनाचा खेळ नाही आणि यात तुमचा काडीमात्र दोष नाही. वास उलटसुलट येण्याच्या या विकाराला 'पॅरोस्मिया' म्हणतात आणि करोनानंतर दोन-तीन महिन्यांनी तो सुरू झाल्याचे जगभरातील असंख्य रुग्णांनी सांगितले आहे. नाकाच्या पोकळीत अगदी वरच्या बाजूला एक नाजूक अस्तर असते. त्यात गंध टिपणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी असतात. करोनाचा विषाणू ज्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, ते प्रथिन मुख्यतः या आधारपेशींवर असते. त्या मेल्या की चेतापेशींचेही काम विस्कटते. सुदैवाने या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, आणि तुमचा वास परतू लागला तो त्याच कारणाने.

मग तो वाकडा का आला? माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक असतात आणि कोणताही एक वास त्यांपैकी अनेकांच्या एकत्रित संदेशातून ओळखला जातो. हे उलगडून दाखवणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांना 2004 साली नोबेल पारितोषिक मिळाले. नव्या पेशी अपुऱ्या असताना हा संदेश अर्धवट पोहोचतो. भजनी मंडळातील निम्मे टाळकरी आणि पखवाजवाला गैरहजर असताना उरलेल्यांनी अभंग उचलावा आणि रोजच्या श्रोत्यालाही चाल लागू नये, तशी मेंदूची अवस्था होते.

आता भरताकडे येऊ, कारण तुमच्या त्रासाचे मूळ त्याच्या कृतीतच आहे. पदार्थ भाजताना आणि तळताना 'पायराझिन' गटाची संयुगे तयार होतात, तर लसूण आणि कांद्यात गंधकाची संयुगे असतात. ही दोन्ही अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतात आणि पॅरोस्मियाच्या रुग्णांना सर्वाधिक छळणाऱ्या वासांत त्यांचा वरचा क्रम लागतो. आपल्या भरतात ही दोन्ही एकत्र येतात: कपाशीच्या काड्यांवर साल काळी होईपर्यंत भाजलेले वांगे, वर कांद्याची पात आणि तेलात तडतडलेला लसूण. सासूबाईंच्या सगळ्या पदार्थांमध्ये नेमके भरीतच नकोसे व्हावे, याचे कारण रसायनात आहे, तुमच्या मायेत नाही. हा परिच्छेद नणंदबाईंना अवश्य वाचून दाखवावा. त्यांनाही आई गमावल्याचे दुःख आहे आणि त्या दुःखातच तो शब्द त्यांच्या तोंडून गेला असावा, असे मला वाटते. पण तो गेला तो अन्यायाचाच.

उपचार सांगते. जर्मनीतील ड्रेस्डेन येथील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये मांडलेली गंधसरावाची पद्धत आज सर्वत्र सुचवली जाते आणि तिला घरात पैसा लागत नाही. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे त्यातील चार वास. गुलाबाच्या पाकळ्या किंवा चांगले गुलाबाचे अत्तर, लिंबाची ताजी किसलेली साल, किंचित कुटलेल्या लवंगा आणि कापसाच्या बोळ्यावर निलगिरीचे दोन थेंब अशा चार झाकणाच्या बाटल्या भरून ठेवाव्यात. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री निजण्यापूर्वी प्रत्येक बाटली सुमारे 20 सेकंद हलकेच हुंगावी आणि हुंगताना तो वास पूर्वी कसा येत असे, हे मनात आणण्याचा प्रयत्न करावा. निदान 12 आठवडे खंड पडू देऊ नये. त्याहून अधिक काळ केल्यास उत्तमच. सुधारणा फार हळू होते, म्हणून पंधरा दिवसांत निराश होऊ नका. मनाने स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र मुळीच घेऊ नका. त्यांनी रक्तातील साखर वाढते आणि 2021च्या उन्हाळ्यात अशा बेसुमार वापराने, विशेषतः मधुमेहींमध्ये, काळ्या बुरशीने काय केले, ते आपण पाहिले आहे. एकदा कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. एकाच नाकपुडीला वास येत नसेल किंवा नाकातून रक्त येत असेल, तर ती लांबवू नये.

तोवर पोटभर जेवणे महत्त्वाचे आहे. गरम अन्नातून वास जास्त उठतो, म्हणून गार झालेली भाकरी, दही, ताक, भात, उकडलेली मूगडाळ आणि आपल्याकडची केळी यांवर भर द्यावा. फोडणी दुसऱ्या कोणी द्यावी आणि त्या वेळी तुम्ही ओट्यावर किंवा अंगणात बसावे. गॅसची गळती आणि नासलेले अन्न तुम्हाला वासावरून कळेलच असे नाही, तेव्हा शेगडी बंद केल्याची खात्री घरातील दुसऱ्या माणसानेही करावी.

आठवणीबद्दलची तुमची भीती मला फार खरी वाटते. इतर ज्ञानेंद्रियांचे संदेश मेंदूतील 'थॅलॅमस' नावाच्या केंद्रातून पुढे जातात. गंधाचे संदेश मात्र त्याला वळसा घालून भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित भागांकडे थेट पोहोचतात. म्हणून एखाद्या वासाने गेलेले माणूस क्षणात समोर येते, आणि तो वास बिघडला की ते माणूसच दुरावल्यासारखे वाटते. परंतु सासूबाईंनी जे शिकवले ते नाकापुरते नव्हते. बामणोदकडच्या फिकट हिरव्या वांग्यांतून वजनाला हलके, कमी बियांचे वांगे त्या कसे निवडत, आच कुठे कमी करत, साल काढताना हात पाण्यात बुडवत की नाही, शेंगदाणे अख्खे घालत की भरडून, हे सर्व तुमच्या हातांना ठाऊक आहे. पुढच्या नैवेद्याला भाजण्याचे काम नणंदबाईंकडे द्यावे, आपण वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसून कृती सांगावी आणि घरातील एखाद्या मुलीने ती वहीत उतरवून घ्यावी. तुम्ही भरताचा घास घेतला नाही तरी नैवेद्यात काही उणे राहणार नाही.

प्रश्न : मी अमळनेरचा निवृत्त शिक्षक आहे. दुसऱ्या लाटेत पत्नी गेली, तेव्हा मीही आजारी होतो. माझी आजी 1918च्या मानमोडीच्या साथीतील लहानसहान गोष्टी सांगत असे. मला मात्र ते आठवडे आठवतच नाहीत. दाराबाहेर कोणीतरी ठेवून गेलेला पिठले-भाकरीचा डबा तेवढा लख्ख आठवतो. ही विस्मरणाची सुरुवात आहे का?

उत्तर : सर, ताप, प्राणवायूची कमतरता, जागरणे आणि शोक एकाच वेळी आले की त्या काळातील आठवणी नीट साठवल्या जात नाहीत. तेवढ्यावरून स्मृतिभ्रंश ठरत नाही. रोजचे व्यवहार, हिशेब, ओळखीच्या वाटा आणि माणसांची नावे आता कशी आठवतात, हे पाहणे अधिक मोलाचे आहे. तेथे अडचण असेल तर बी-12, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्यावी व झोप किती लागते हे डॉक्टरांना सांगावे.

आजीची आठवण पक्की राहिली, यात बोलण्याचा वाटा मोठा असावा. तिने ती ओट्यावर बसून बायकांपुढे, लेकरांपुढे पुन्हा पुन्हा सांगितली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी घेऊन येतात, जवळ बसतात आणि गेलेल्या माणसाविषयी बोलत राहतात, ही आपली रीत. आपल्या वाट्याला डबा आला, पण तो ठेवणारा माणूस बसू शकला नाही. तो कोणी ठेवला, हे गल्लीत विचारून पाहावे आणि त्या घरी जाऊन बोलावे. त्या दिवसांतील बरेच काही त्यांच्याकडून कळेल. तपासण्यांचे अहवाल आल्यावर आपले वजन आणि चालू औषधांची यादी यांसह मला पुन्हा लिहावे.