स्लाइड नाहीत, मग समोरच्यांना धरून कसं ठेवायचं?

प्रश्न : भिवंडीत आमचा कोरुगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एका कंपनीच्या खरेदी समितीसमोर 20 मिनिटं बोलायचं आहे. नऊ जण असतील. 'स्लाइड आणू नका, नुसतं बोला,' असा निरोप आलाय. आजवर मी 24 स्लाइड वाचून दाखवत आलो. आता काय करू?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : त्या 24 स्लाइड तीन कामं एकदम करत होत्या. तुम्हाला पुढचा मुद्दा आठवून देत होत्या, समितीला आकडे दाखवत होत्या आणि बैठकीनंतर फायलीत जाऊन बसत होत्या. ही कामं वेगळी करा. आठवणीसाठी तुमच्या हातात कार्डं, समजण्यासाठी टेबलावर वस्तू, फायलीसाठी एक कागद.

20 मिनिटांतली 12 बोलायला ठेवा, 8 प्रश्नांना. सुरुवात कारखान्याच्या इतिहासाने करू नका, मागणीने करा. उदाहरणार्थ : 'पावसाळ्यात तुमचा जड माल पाच-प्लाय, म्हणजे पाच थरांच्या, बॉक्समधून जावा आणि त्यासाठी मे महिन्यात दोन हजार बॉक्सची चाचणी ऑर्डर मिळावी, ही विनंती घेऊन आलोय.' नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, उत्तररंगात त्याच सूत्रावर आख्यान रंगतं आणि शेवटी बुवा पुन्हा मूळ अभंगावर येतात. ऐकणारा कुठेही हरवत नाही, कारण काय सिद्ध करायचंय ते त्याला आधीच माहीत असतं. तुमचं शेवटचं वाक्यही हीच विनंती असू द्या, तारखेसकट.

मध्ये तीनच मुद्दे घ्या : नुकसान किती होतं, का होतं, बदलाचा खर्च किती. यातल्या 'का'ला निम्मा वेळ द्या, कारण ते हाताने दाखवता येतं. कागद हवेतली ओल शोषतो, बॉक्स मऊ पडतो आणि थप्पीतला सगळ्यात खालचा बॉक्स वरच्या वजनाने बसतो. तीन-प्लाय आणि पाच-प्लायचे तळहाताएवढे तुकडे आदल्या रात्री सारखाच वेळ ओलसर फडक्यात ठेवा आणि पिशवीत बंद करून न्या. फक्त तीन-प्लायचा तुकडा ओला केलात, तर समितीतला जाणकार लगेच पकडेल आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. असे तीन संच न्या. एकच संच फिरवला तर तो नवव्या माणसापर्यंत पोचेतो तुम्ही दोन मुद्दे पुढे गेलेले असता. मुद्दा येईपर्यंत वस्तू पिशवीतच ठेवा आणि झाल्यावर परत घ्या. टेबलावर राहिली तर लोक तिच्याशीच चाळा करत बसतात.

कार्डं पोस्टकार्डाएवढी, पाचच, जाड कागदाची. एका बाजूलाच लिहा, प्रत्येकावर फार तर चार शब्द आणि एक आकडा. कोपऱ्यात क्रमांक घाला आणि भोक पाडून दोऱ्यात ओवा, म्हणजे हातातून पडली तरी क्रम बिघडत नाही. पूर्ण भाषण पाठ करू नका. एक शब्द निसटला की पुढचं सगळं अडतं. पहिली दोन वाक्यं, शेवटची दोन आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारी वाक्यं मात्र तोंडपाठ हवीत. अडखळायला होतं ते नेमकं याच जोडांवर.

कागद ए-फोर, एकाच बाजूला छापलेला, दरांच्या तक्त्यासह. तो खर्चाच्या मुद्द्यावर आलात की वाटा. सुरुवातीला दिलात तर सगळे तळाचा दर वाचतील आणि तुम्ही वाकलेल्या माना पाहत बोलाल. वाटल्यावर अर्धा मिनिट गप्प राहा, त्यांना वाचू द्या. हे अर्धं मिनिट बोलणाऱ्याला फार लांब वाटतं, वाचणाऱ्याला नाही.

तोंडी आकडे गोल करा. '16.4 टक्के' कानातून निघून जातो, 'साधारण सहातला एक बॉक्स' राहतो. नेमका आकडा कागदावर आहेच.

खोलीत व्हाइटबोर्ड असेल तर मार्कर स्वतःचे न्या, काळा आणि निळा. हिरवा लांबून फिका दिसतो. चुकून परमनंट मार्करने लिहिलंत तर त्याच रेघेवर बोर्डाच्या मार्करने गिरवा आणि लगेच पुसा, निघतं. वीस फूट लांब खोलीत अक्षर दोन इंचांचं हवं. बोर्डाचा खालचा तिसरा भाग मोकळा सोडा, मागच्यांना तो दिसत नाही. आणि बोर्डाशी बोलू नका : आधी लिहा, मग वळा, मग बोला.

तालीम उभ्याने करा, तीनदा, मोबाइलवर रेकॉर्ड करून. 'बेसिकली' आणि 'म्हणजे' किती वेळा येतं ते ऐका. त्या जागी थांबलात तरी पुरतं. त्या दिवशी गेटवर सामानाची नोंद आणि पास यांसाठी 20 मिनिटं हाताशी ठेवा.

प्रश्न : स्लाइड नसतील तर 'तयारी न करता आला' असं वाटत नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पॉवरपॉइंट आलं 1987 साली, त्याआधीही सौदे होतच होते. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी 2004 मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून ते बंद केलं. त्याऐवजी सहा पानांचं लेखी टिपण आलं, ते बैठकीच्या सुरुवातीला सगळे शांतपणे वाचतात. तयारी दिसते ती प्रश्नांच्या उत्तरांत. अडचणीचे दहा प्रश्न आधीच लिहून काढा, प्रत्येकाला 40 सेकंदांत बसेल असं उत्तर ठरवा.

प्रश्न : माझं इंग्रजी अडखळतं. स्लाइडवर ते लिहिलेलं असायचं, त्याचा आधार गेला.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : बैठक ठरवणाऱ्या माणसाला दोन दिवस आधी विचारा, हिंदीत बोललं तर चालेल का. मुंबईत बहुतेक ठिकाणी चालतं. धंद्याचे शब्द इंग्रजीच ठेवा. डिलिव्हरी, क्रेडिट, रिजेक्शन. अडचण येते ती आकड्यांची. हिंदीतले उनसठ आणि उनहत्तर ऐकताना सहज गोंधळ होतो, म्हणून दर आणि तारखा 'फिफ्टी नाइन', 'सिक्स्टी नाइन' अशाच सांगा. समोर परदेशी कंपनीचे लोक असतील तर लाखाचं मिलियन आधीच करून कार्डावर लिहा : 10 लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा. बोलता बोलता हे गणित केलं की एखादं शून्य हमखास चुकतं.