'क्लास'ला वर्ग म्हणावे की वर्ण?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: ऑनलाइन भूमिकाखेळांतील (ज्यांत खेळाडू एखादे पात्र घेऊन खेळतो) 'क्लास'ला, म्हणजे योद्धा, जादूगार अशा पात्राच्या प्रकाराला, मराठीत 'वर्ग' म्हणावे की 'वर्ण', आणि 'क्लास' व 'रोल' (चमूत पात्राने करायचे काम) या दोहोंसाठी एकच शब्द चालेल का?

'वर्ग'च म्हणावे. शाळेतला वर्ग, गणितातला वर्ग, क-वर्ग आणि च-वर्ग सर्वांना ठाऊक आहेत, त्यांत वेळ घालवत नाही. एक तक्रार मात्र नोंदवणे भाग आहे. 'माझा योद्धा आता वरच्या वर्गात गेला' असे वाक्य खेळाडूंच्या तोंडी सर्रास ऐकू येते आणि दर वेळी कानाला खटकते. चढते ती पातळी. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' २००४ मध्ये आला तेव्हा पहिल्या पातळीवर चाचपडणारा योद्धा आणि साठाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीवर पोहोचलेला योद्धा हे दोघेही एकाच वर्गाचे होते. इयत्ता आणि वर्ग यांची शाळेत झालेली गल्लत इथवर आपला पिच्छा सोडत नाही.

आता मूळ धातूकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. 'वर्ग' हा शब्द संस्कृत 'वृज्' या धातूपासून आला आहे. त्याचा अर्थ वळवणे, बाजूला काढणे, टाळणे. 'वर्ज्य' आणि 'वर्जन' हे शब्द याच धातूचे आणि मोक्षवाचक 'अपवर्ग'ही त्याच घरातला. म्हणजे वर्ग हा मुळात 'एकत्र आणलेल्यांचा' नसून 'वेगळे काढलेल्यांचा' गट आहे. या खेळांतल्या क्लासचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही. १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात तीन वर्ग होते, आणि तिघांचीही ओळख त्यांना काय वर्ज्य आहे यावरूनच पटते: योद्ध्याला मंत्र वर्ज्य, क्लेरिकला, म्हणजे मंत्र जाणणाऱ्या धर्मगुरूला, धारदार शस्त्र वर्ज्य, जादूगाराला चिलखत वर्ज्य आणि शस्त्रांपैकी खंजीर तेवढा मोकळा. भूप रागाची ओळख जशी मध्यम आणि निषाद वर्ज्य असण्याने पटते, तसेच हे आहे. ज्याला काहीच वर्ज्य नाही त्याला वर्गही नाही.

यावर कोणी १९९७ च्या 'अल्टिमा ऑनलाइन'चा दाखला देईल, कारण त्यात वर्ग नव्हते, हवे ते कौशल्य शिकता येत होते. परंतु कौशल्यांच्या गुणांची बेरीज ७०० च्या पुढे जाऊ दिली जात नसे, त्यामुळे तलवारबाजी पूर्ण शिकणाऱ्याला दुसरे काहीतरी सोडावेच लागे. वर्ग दाराबाहेर ठेवला, तरी वर्ज्य खिडकीतून आत आलेच.

या खेळांतले समाजजीवनही वर्ज्यातूनच उभे राहते, असे माझे ठाम मत आहे. १९९९ च्या 'एव्हरक्वेस्ट'मध्ये पात्र मेले की अंगावरचे सारे सामान प्रेतापाशी राही आणि कमावलेल्या अनुभवातला काही भाग बुडे. क्लेरिकने त्या प्रेतावर पुनरुज्जीवनाचा मंत्र टाकला, तर बुडालेल्यातले बरेचसे परत मिळे. योद्धा कितीही बलाढ्य असला तरी तो मंत्र त्याला वर्ज्य होता, म्हणून त्याला अनोळखी क्लेरिकची मनधरणी करावी लागे, वाट पाहावी लागे, पुढे त्याची आठवण ठेवावी लागे. ड्रुइड आणि विझर्ड हे मांत्रिक वर्ग इतरांना क्षणात दूरच्या प्रदेशी पोहोचवत आणि त्याचा मोबदला घेत. ओळखी, उधारी, रुसवेफुगवे आणि गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, हे सगळे या अडलेपणातून वाढले. (हे सारे अनुभवण्यासाठी दरमहा जी रक्कम भरावी लागे तिला आपण 'वर्गणी' म्हणतो, हे मला फार आवडते.)

'वर्ण' सुचवणाऱ्या विद्वानांचे म्हणणे असे, की वर्ण गुणकर्मांवरून ठरतो आणि क्लासही तसाच ठरतो, म्हणून 'क्लास सिस्टीम' म्हणजे 'वर्णव्यवस्था'. हे विद्वान खेळ कधी उघडून पाहतात का, अशी शंका येते. 'वर्णव्यवस्था' हा शब्द उच्चारताच उतरंड आणि जन्म या दोन गोष्टी समोर उभ्या राहतात. खेळात वर्ग निवडायचा असतो, आणि कंटाळा आला तर दुसरे पात्र तयार करून दुसरा वर्ग घेता येतो. मान कोणाला मिळेल हे टंचाई ठरवते. 'वॉरक्राफ्ट'मध्ये पाच जणांच्या चमूत एक टँक (शत्रूचा मार अंगावर घेणारा), एक हीलर (साथीदारांना बरे करणारा) आणि तिघे मारा करणारे लागतात. मारा करायला सगळेच उत्सुक, मार खायला कोणी तयार नाही, म्हणून २०११ पासून ज्या भूमिकेची चणचण असेल ती पत्करणाऱ्याला जास्तीचे बक्षीस देण्याची सोय खेळातच करावी लागली. अशी उतरंड माणसे कमी-जास्त झाली की तासाभरात उलटते. तिला वर्णव्यवस्था म्हणणे हा दोन्ही शब्दांवर अन्याय आहे.

राहिला 'रोल'. त्याला 'भूमिका' म्हणावे आणि वर्गात मिसळू नये. 'वॉरक्राफ्ट'मधला ड्रुइड वर्गाने ड्रुइडच राहतो, पण टँक, हीलर किंवा मारा करणारा यांपैकी कोणतीही भूमिका घेऊ शकतो.