लिंकनवर बोलावं की नको?

प्रश्न: मुलगी नववीत आहे, वक्तृत्व स्पर्धेसाठी लिंकन घेतलाय. नेटवर शोधताना तिला त्याचं 1858 चं भाषण मिळालं, त्यात तो सरळ म्हणतो की गोऱ्या-काळ्यांच्या सामाजिक आणि राजकीय समानतेच्या मी बाजूचा नाही. आता म्हणते विषयच बदलते. तिचे बाबा म्हणतात त्या काळी सगळे तसेच होते, सोड. काय सांगू? - एक आई, ऐरोली

उत्तर: ताई, विषय बदलू देऊ नका, पण बाबांचं म्हणणंही घेऊ नका. सगळे कुठे तसे होते हो? गॅरिसन नावाचा गोरा माणूस 1831 पासून पेपर काढून गुलामांना ताबडतोब मुक्त करा म्हणून ओरडत होता, आणि फ्रेडरिक डग्लस तर स्वतः गुलामगिरीतून पळून आलेला.

मुलीला डग्लसचंच 1876 चं भाषण शोधायला सांगा. वॉशिंग्टनमध्ये लिंकनचा पुतळा उभा राहिला, पैसे मुक्त झालेल्या गुलामांनी जमवलेले, समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले, आणि हा पठ्ठ्या तिथे उभा राहून सांगतो की लिंकन हा मुळात गोऱ्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, आम्ही त्याची फार तर सावत्र लेकरं. मग त्याच दमात म्हणतो, गुलामगिरीच्या कट्टर विरोधकांच्या नजरेनं बघाल तर तो संथ आणि थंड वाटेल, पण देशातलं तेव्हाचं लोकमत बघून मोजाल तर झपाट्यानं पुढे जाणारा. पुतळ्याच्या उद्घाटनाला असं बोलायची आपल्याकडे कुणाची छाती आहे का ते तुम्हीच सांगा!

तारखाही तिला उपयोगी पडतील. लिंकनच्या 1863 च्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यात, यादवी युद्धात युनियनसोबत (म्हणजे त्याच्याच सरकारसोबत) राहिलेल्या गुलाम-राज्यांतले गुलाम सुटले नव्हते, हे बोलायचंच. पण 11 एप्रिल 1865 ला तोच लिंकन काही काळ्यांना, निदान सैनिकांना, मताचा हक्क द्या म्हणाला, गर्दीत जॉन विल्क्स बूथ नावाचा नट उभा होता, त्यानं तीन दिवसांनी लिंकनला गोळी घातली.

आणि महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, एकट्या लिंकनला नाही, हे वाक्य भाषणात टाकाच.

फक्त ते हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र घेऊ नका, निम्म्या शाळांच्या भिंतीवर असलं तरी ते लिंकननं लिहिल्याचा काही पुरावा नाही.