दुसरा लॅपटॉप नको, तीन वायरी पुरेत

पत्र : माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गातली बाकीची मुलं वेबसाइट बनवायला शिकतायत आणि ही रात्री बारा-बारापर्यंत लिनक्सचा कर्नल कंपाइल करत बसते. आता म्हणते, कर्नल पॅनिक झाला की शेवटच्या ओळी दिसतच नाहीत, त्या दुसऱ्या मशीनवरच्या डीबगरमध्ये आणायच्यात, म्हणून आणखी एक लॅपटॉप हवा. घ्यावा का? आणि यात नोकऱ्या आहेत का? – एक पालक, घणसोली

नमस्कार,

लॅपटॉप घेऊ नका. मुलगी सांगतेय ती अडचण मात्र खरी आहे, सबब नाही. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. तो कोसळतो (यालाच कर्नल पॅनिक म्हणतात) तेव्हा पडद्यावर चित्र काढणारा ड्रायव्हर आणि डिस्कवर लॉग लिहिणारी यंत्रणा, दोन्ही त्याच कोसळलेल्या कर्नलच्या असतात. त्यामुळे नेमका कामाचा मजकूर फाइलपर्यंत पोचत नाही. सिरिअल पोर्ट म्हणजे तारेवरून एकेक बिट पाठवणारी जुनी जोडणी. त्याचं तसं नाही. त्याच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या कप्प्यात) एक बाइट टाकला की तो तारेवरून बाहेर पडतो, इंटरप्टचीही (प्रोसेसरला मध्येच हाक मारणाऱ्या सिग्नलची) गरज नाही. म्हणून हा जुनाट पोर्ट अजून टिकून आहे.

पुढचा मजकूर लेकीला वाचायला द्या.

दुसरं मशीन आहे त्याच लॅपटॉपवर, क्यूएमूत (एका मशीनच्या आत दुसरं आभासी मशीन चालवणारा प्रोग्रॅम) उभं कर. डिस्ट्रोचं (तयार लिनक्सचं) कॉन्फिग उचलू नकोस, त्यात हजारो मॉड्यूल्स बिल्ड होत बसतात. डेफकॉन्फिग (कर्नलसोबत येणारं मूळ कॉन्फिग) घे, त्यावर केव्हीएम-गेस्टचं (आभासी मशीनसाठीचं) कॉन्फिग चढव आणि केजीडीबी (कर्नलमधला डीबगर), केजीडीबीचा सिरिअल कन्सोल, डीबग इन्फो आणि जीडीबी (पलीकडून जोडायचा डीबगर) स्क्रिप्ट्स हे चार पर्याय चालू कर. डिस्कवर २५ जीबी मोकळी ठेव. क्यूएमूला दोन सिरिअल पोर्ट दे, पहिला टर्मिनलवर, दुसरा टीसीपी पोर्टवर. कर्नलच्या बूट ओळीत कन्सोल टीटीवायएस० (पहिला पोर्ट) वर, केजीडीबीओसी (केजीडीबीचा पोर्ट ठरवणारा पर्याय) टीटीवायएस१ (दुसरा पोर्ट) वर, आणि सोबत नोकेएएसएलआर. हा शेवटचा शब्द राहिला तर कर्नल दर बूटला वेगळ्या पत्त्यावर बसतो आणि ब्रेकपॉइंट भलतीकडेच लागतात. जीडीबीला बीझेडइमेज (बूटसाठीची आवळलेली फाइल) नाही, व्हीएमलिनक्स (न आवळलेला, डीबग माहितीसकटचा कर्नल) ही फाइल द्यायची. बूटच्या सुरुवातीला थांबायचं असेल तर केजीडीबीवेट. चालू कर्नल मध्येच थांबवायचा असेल तर रूट होऊन सिसआरक्यू-ट्रिगर (कर्नलला थेट हुकूम द्यायच्या) फाइलमध्ये जी हे अक्षर लिही.

आता तुझा मूळ प्रश्न. बूट ओळीत केजीडीबीकॉन लिहिलंस की प्रिंटकेचा (कर्नलच्या संदेश छापणाऱ्या फंक्शनचा) मजकूर थेट जीडीबीच्या खिडकीत येतो. जीडीबीच्या रिमोट प्रोटोकॉलमध्ये यासाठी 'ओ' पॅकेट आहे: डॉलरचं चिन्ह, ओ अक्षर, मजकुराच्या प्रत्येक बाइटचे दोन हेक्स अंक, हॅश आणि दोन अंकी चेकसम (मजकूर धड पोचला का ते तपासणारी बेरीज). पलीकडून अधिक चिन्हाची पोच आल्याशिवाय कर्नल पुढे सरकत नाही. हिशोब करून बघ. ११५२०० वेगाला एका बाइटमागे स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट जातात, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाइट. ८० अक्षरांची ओळ साध्या कन्सोलवर सुमारे ७ मिलिसेकंद घेते. ओ पॅकेटमध्ये त्याच ओळीचे १६५ बाइट होतात, म्हणजे १४ मिलिसेकंदांहून जास्त, वर पोचेची वाट वेगळी. एवढ्या उशिरानं दोन थ्रेडमधली शर्यत मोडते आणि लॉग चालू केला की बगच गायब होतो. हे खऱ्या तारेवर दिसतं, क्यूएमूत फारसं जाणवणार नाही.

दोन ठिकाणी हमखास अडकशील. ज्या पोर्टवर सिस्टीमचा कन्सोल चालू आहे, त्याच पोर्टवर केजीडीबीकॉन चालत नाही. साधा मजकूर आणि पॅकेटं एकमेकांत मिसळून जीडीबी चेकसमबद्दल कुरकुरायला लागतो. एकच पोर्ट असेल तर केजीडीबीकॉनचा नाद सोड आणि एजंट-प्रॉक्सी वापर. तो एका तारेचे दोन टीसीपी पोर्ट करतो, एकावर कन्सोल, दुसऱ्यावर जीडीबी. दुसरं म्हणजे, ओ पॅकेटं जीडीबी जोडलेला आणि कर्नल धावत असतानाच येतात. ब्रेकपॉइंटवर थांबल्यावर, किंवा जोडणीआधी काय छापलं गेलं ते बघायला, जीडीबीत एलएक्स-डीमेसेज ही आज्ञा दे. ती लॉग बफर थेट मेमरीतून वाचते. आज्ञाच सापडत नसेल तर जीडीबीच्या ऑटो-लोड सेफ-पाथमध्ये बिल्डचा फोल्डर घालायचा राहिलाय.

हे जमलं की खरा बोर्ड. रास्पबेरी पाय ३ किंवा ४ चालेल. लॅमिंग्टन रोडला सीपी२१०२चं यूएसबी-टीटीएल (यूएसबीतून सिरिअल पोर्ट देणारं) मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, पण सिग्नल ३.३ व्होल्टचे आहेत ना ते विचारून घे. ५ व्होल्टनं पायची पिन जाते. पिन ६ ग्राउंड, पिन ८ बोर्डाचा टीएक्स (पाठवणारी), पिन १० आरएक्स (घेणारी). टीएक्स समोरच्या आरएक्सला, आरएक्स टीएक्सला. मॉड्यूलची चौथी, व्होल्टेजची वायर लावायचीच नाही. अक्षरांऐवजी कचरा आला तर आधी वेग तपास, मग कॉन्फिग फाइलमध्ये एनेबल-यूएआर्ट १ आहे का बघ. तिथला मिनी यूएआर्ट (सिरिअल पोर्ट चालवणारा भाग) कोअरच्या घड्याळावर चालतो, ते हललं की बॉड, म्हणजे तारेवरचा वेगही हलतो. पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं तर स्वतःला डायलआउट (सिरिअल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घाल.

नेटकन्सोल हा तिसरा मार्ग. यूडीपीवरून लॉग पाठवतो, पण नेटवर्क उभं राहायच्या आधीचं काही दाखवत नाही, वायफायवर त्याची आशा धरू नकोस, आणि तो एकतर्फी आहे. डीबगर नव्हेच.

आता पुन्हा तुमच्याशी. नोकऱ्या आहेत, पण त्यांचं नाव 'कर्नल' नसतं. बीएसपी (बोर्ड सपोर्ट पॅकेज, म्हणजे बोर्डावर लिनक्स चालवायचं सॉफ्टवेअर) इंजिनिअर, लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर, एम्बेडेड व्हॅलिडेशन अशा नावांनी शोधा. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत अशी कामं थोडी. पुणे, बंगळुरू, हैदराबादची तयारी ठेवावी लागेल. फ्रेशरसाठी जागा कमी असतात हेही खरं, म्हणून कॅम्पसच्या ॲप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्सकडे पाठ फिरवून चालणार नाही. सी भाषा आणि पॉइंटर्स मात्र वेबवाल्या मैत्रिणींपेक्षा चौपट पक्के हवेत.

पदवीनंतर सी-डॅकचा (केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था) एम्बेडेड सिस्टीम्स डिझाइनचा पीजी डिप्लोमा, म्हणजे डीईएसडी, हा चांगला पर्याय आहे. त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सी-डॅकचं केंद्र खारघरला आहे, पण हा कोर्स कोणत्या केंद्रात आहे ते त्या बॅचच्या माहितीपत्रकात बघूनच पसंतीक्रम भरा.

बायोडेटात 'लिनक्सची आवड' लिहू नये. स्वतः मुद्दाम बिघडवलेला छोटा ड्रायव्हर, त्याचा तारेवरून पकडलेला पॅनिक लॉग, कर्नलच्याच डिकोड-स्टॅकट्रेस स्क्रिप्टनं काढलेला ओळ क्रमांक आणि दुरुस्तीचा पॅच, एवढं गिटहबवर ठेवून त्याचा पत्ता द्यावा. सहावं सेमिस्टर संपायच्या आत हे होण्यासारखं आहे, फक्त झोपेची वेळ बारावरून अकरावर आणा.