नव्या टीव्हीवर बदकं का पडत नाहीत?

मंडळी, मागच्या अंकात व्हिडिओ गेमवरचे प्रश्न पाठवा म्हटलं होतं. नव्वदीत टीव्ही गेमवर वाढलेली आपली पिढी अजून खेळतेय हे तुमची पत्रं वाचून कळलं आणि फार भारी वाटलं. त्यातल्या पाच पत्रांना आज उत्तरं.

माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, गनसकट. मारिओ मस्त चालतो, पण गनने बदकं पाडायच्या डक हंटमध्ये एकही बदक पडत नाही. टीव्ही ४३ इंची एलईडी आहे. गन बिघडली असेल का? – वाचक, इचलकरंजी

गन बहुतेक ठणठणीत आहे, बदललाय तो टीव्ही. लहानपणी आपल्याला वाटायचं की गनमधून काहीतरी सुटतं आणि स्क्रीनवर जाऊन लागतं, पण असतं उलट, गन फक्त बघते. नळीत पुढे भिंग आणि त्याच्यामागे उजेड ओळखणारा सेन्सर असतो. तुम्ही ट्रिगर दाबला की एका फ्रेमपुरती, म्हणजे क्षणभरच दिसणाऱ्या एका चित्रापुरती, सगळी स्क्रीन काळी होते आणि लगेच पुढच्या फ्रेमला बदक जिथे असेल तिथे पांढरा चौकोन येतो, दोन बदकं असतील तर आधी एकाचा मग दुसऱ्याचा. गनला आधी अंधार आणि मग उजेड दिसला की बदक पडलं! ट्रिगर दाबल्यावर स्क्रीन लुकलुकायची आठवतंय ना, ते हेच. अंधाराची अट मुद्दाम घातलेली आहे, नाहीतर कुणीही बल्बकडे गन धरून सगळी बदकं पाडली असती. १९८४ सालच्या गेममध्ये एवढा विचार केलेला आहे, मला आजही याचं कौतुक वाटतं.

आता अडचण अशी की पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत सिग्नल आला की तसाच्या तसा स्क्रीनवर उमटायचा, आणि एलईडी टीव्ही चित्र आधी आत घेतो, त्याच्यावर काम करतो आणि मग दाखवतो, तोपर्यंत गनचं बघून झालेलं असतं. सेटिंगमधला गेम मोड लावलात तरी एवढा उशीर भरून निघत नाही. त्यामुळे भंगारवाल्याकडे किंवा टीव्ही रिपेअरवाल्याकडे जुना डब्बा टीव्ही मिळतो का बघा, छोटा १४ इंची असला तरी चालेल. फक्त तो घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये जबरदस्त व्होल्टेज शिल्लक असू शकतं. आणि एक गंमत करून बघा, एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्या माणसाने गेमचा रिमोट हातात घेतला तर त्याला बदक उडवता येतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे कधी कळलंच नाही!

कॅसेट चालली नाही की आम्ही फुंकर मारायचो. त्याने खरंच फरक पडायचा का? – वाचक, नांदेड

फुंकरीने नाही, कॅसेट काढून परत बसवल्याने पडायचा. पिना घासल्या जायच्या आणि काँटॅक्ट जुळायचा, श्रेय मात्र फुंकर घेऊन जायची. तोंडातला ओलावा पिनांना वाईट, त्या गंजतात, खुद्द मारिओवाली निन्टेंडो कंपनीसुद्धा फुंकू नका म्हणून सांगायची. कापसाच्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना हलक्या हाताने पुसा, नीट सुकू द्या, मग लावा. तीस वर्षं जुन्या कॅसेट अशा परत चालू होतात.

मोठा भाऊ गणपतीला दुबईहून येतोय. आम्हाला काँट्रा परत दोघांनी खेळायचाय, पण ३० लाइफचा कोड टाकला की गेम एकट्याचाच सुरू होतो. – वाचक, सातारा

वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, इथपर्यंत तुमचं बरोबर असणार. यानंतर थेट स्टार्ट दाबलं की एकट्याचा गेम. आधी सिलेक्ट दाबा, मग स्टार्ट, दोघांनाही ३०-३० मिळतील. (कॅसेट ९९९९ गेमवाली असेल तर त्यातले गेम बऱ्याचदा बदललेले असायचे, तिथे कोड चालेलच असं नाही.) हा कोड मुळात काँट्राचा नाहीच, काँट्रा बनवणाऱ्या कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोटो यांनी १९८६ मध्ये ग्रॅडियस या दुसऱ्या गेमचं काम करताना तो घातला, कारण टेस्टिंग करायचं होतं आणि गेम त्यांनाच फार अवघड जात होता. आणि भावाला धबधब्याच्या लेव्हलला आठवण करून द्या, तिथे एकजण भराभर वर चढला की खाली राहिलेला स्क्रीनबाहेर जाऊन मरतो. दोघांनी सोबत चढायचं. कुणाच्या लाइफ संपल्याच तर दुसऱ्याच्या घेता येतात, ते एकमेकांना देत चला.

वय ४४. रात्री जेवणं झाली की तासभर खेळतो. घरात आणि ऑफिसात सगळे म्हणतात या वयात काय हे. मला खरंच सोडून द्यावं का? – वाचक, ठाणे

अजिबात नाही. सोसायटीत साठीचे काका रोज संध्याकाळी कॅरम खेळतात त्यांना कुणी वय विचारतं का? गेम म्हणजे लहान मुलांची वस्तू हा समज आपल्याकडे पक्का बसलाय कारण तो आपल्या घरात आपल्या लहानपणी आला, बाकी काही कारण नाही. मारिओ ज्यांनी घडवला ते शिगेरू मियामोटो १९५२ चे आहेत आणि अजून निन्टेंडोत काम करतायत. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराची व्याख्या केलीये, २०२२ पासून ती लागू आहे, त्यात वय कुठेच नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं, हे बघतात. तुमचं पत्र वाचून मला यातलं काही दिसलं नाही. तुम्ही दिवसभर काम करून एका गोष्टीवर इतकी वर्षं प्रेम करताय, ते जपा. बायकोला किंवा मुलांना दुसरा रिमोट देऊन बघा, त्यांना आवडेलच असं नाही, पण तुम्ही त्या तासात काय बघता ते तरी त्यांना कळेल.

मुलगा १४ वर्षांचा आहे, फोनवर बीजीएमआय हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतो. जेवायला हाक मारली की उठत नाही, मग भांडण. फोन काढून घेऊ का? – एक आई, लातूर

ताई, फोन काढून घेण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसून अख्खी मॅच बघा. शंभर खेळाडू उतरतात, मोठ्या नकाशावर अर्धा तास सहज जातो, आणि तुमच्या लहानपणीच्या मारिओसारखं हे मध्येच पॉज करता येत नाही, तो उठला की त्याची टीम अडकते, म्हणून तो उठत नाही. मुद्दाम तुमचा अपमान करत नाहीये. तेव्हा हाक मारताना "आत्ता ठेव" ऐवजी "ही मॅच झाली की ये, नवी लावू नको" म्हणा आणि तेवढ्यावर मात्र ठाम राहा. जेवण साडेआठला असेल तर आठनंतर नवी मॅच नाही, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम ही वेगळी गोष्ट आहे, त्यांच्यावर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, तिथे अजिबात सूट नको. आणि तुमचं कार्ड किंवा यूपीआय त्याच्या फोनवर जोडलेलं असेल तर ते आजच काढून टाका.