सायलेन्सरवर चिकटलेला रेनकोट कसा काढायचा?

बाईकच्या इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या क्रोमच्या बेंड पाईपला रेनकोटची पँट चिकटली, तिचा काळा थर झालाय आणि घासून निघत नाही, असं तुम्ही लिहिलंय. घासणं थांबवा आधी. ज्या उष्णतेने तो चिकटला, तिच्यानेच तो सुटतो.

हे मी स्वतःच्या गाडीची वाट लावून शिकलो. जुलैत ताम्हिणी घाट उतरून चहाला थांबलो, उजवा पाय टेकवला आणि पँटची कड पाईपवर बसली. पाय उचलला तर तळहाताएवढा तुकडा पाईपवरच राहिलेला! पुढच्या गावातल्या गॅरेजवाल्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मी बघत असताना खरवडून काढला. प्लास्टिक गेलं, पण क्रोमवर तीन लांब ओरखडे राहिले, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या तीन रेघांतूनच गंज वर आला. क्रोमचा थर एक मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याच्याखालचं निकेलही कापलं गेलं की लोखंड उघडंच.

म्हणून सुरी, ब्लेड, स्क्रू ड्रायव्हर आणि भांडी घासायची तारेची घासणी, काहीही नको. लाकूड घ्या. पुन्हा चिकटला तेव्हा मी आईचं जुनं लाकडी उलथणं उचललं होतं. ते परत स्वयंपाकघरात गेलं नाही, त्याबद्दल अजून ऐकून घेतो.

गाडी मोकळ्या जागेत लावा, पार्किंगच्या तळघरात नको. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद करा. साध्या पिशवीचं पॉलिथिन ११० ते १३० अंशांच्या आसपास वितळतं आणि इंजिनाजवळचा पाईप तेवढा तापायला वेळ लागत नाही. थर चकाकायला लागला की तो मऊ झालाय असं समजा. धूर निघायला लागला तर जास्त तापलंय, जरा थांबा. रेनकोट पीव्हीसीचा असेल तर तो धूर नाकाला झोंबतो, त्यात आम्लाची वाफ असते, तोंड जवळ नेऊ नका. जाड हातमोजे घालून लाकडाची कड जवळजवळ आडवी धरा आणि एका टोकापासून ढकला. गरम दुधावरची साय चमच्याने सरकवावी तसा थर सुरकुतत पुढे जातो. लाकडाला चिकटलेलं लगेच पुसून टाका, नाही तर तेच परत पाईपवर लागतं. पाईप थंडावला की थर पुन्हा कडक होतो. मग पुन्हा इंजिन चालू. माझं तीन वेळा करून बरंचसं निघालं.

पेट्रोलचा बोळा फिरवा असं कुणी ना कुणी सांगतंच. गरम पाईपवर पेट्रोल म्हणजे तुम्हीच पेटाल. नेलपॉलिश रिमूव्हरही तितकंच ज्वालाग्राही, आणि पॉलिथिन त्यात विरघळतही नाही. मी बायकोची अर्धी बाटली थंड पाईपवर वाया घालवली, डाग होता तिथेच राहिला. ओव्हन क्लीनरने जळका थर निघतो खरा, पण त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो. त्याचे शिंतोडे इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कव्हरवर पडले की ते कव्हर डागाळतं. मी त्या वाटेला गेलो नाही.

शेवटी जो तपकिरी, नकाशासारखा डाग उरतो, तो पाईप पूर्ण गार झाल्यावरच काढायचा. पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने गोल गोल घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा बरंच मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत. तरी हटला नाही तर ०००० नंबरची स्टील वूल, म्हणजे सगळ्यात बारीक, आणि त्यावर ब्रासोसारखं पॉलिश. इंजिनाला लागून जो निळसर-सोनेरी रंग दिसतो, त्याच्या मागे मात्र लागू नका. तो धातू तापल्याचा रंग आहे, चिकटलेलं काही नाही.

हे सगळं क्रोमसाठी. काळा रंग दिलेला सायलेन्सर असेल तर फॉइल आणि स्टील वूल दोन्ही विसरा, रंग आधी निघेल. तिथे गरम करून लाकडाने जेवढं येईल तेवढं काढायचं आणि उरलेल्या डागावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा स्प्रे.

झाल्यावर पाईप ओल्या फडक्याने आणि मग कोरड्याने पुसा. पॉलिशचा ओघळ किंवा बोटांचे ठसे राहिले तर पहिल्याच फेरीत ते भाजून नवीन तपकिरी डाग पडतात. आणि पावसात निघताना उजव्या पायाच्या पँटला घोट्याजवळ रुंद रबरबँड लावत जा. मी दुधाच्या पिशवीचे दोन लावतो, एक तुटतोच.